काँक्रीट वाहते ते कोणाच्या बळावर?

काँक्रीटकडून आपण दोन गोष्टी मागतो आणि त्या एकमेकींच्या आड येतात. ओतताना माल सळयांच्या जाळीतून, शटरिंगच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सहज सरकला पाहिजे. त्यासाठी पाणी जास्त हवे. घट्ट झाल्यावर तो भक्कम आणि ओल न शिरू देणारा हवा. त्यासाठी पाणी कमी हवे. डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगांवरून पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तराचा नियम मांडला, तेव्हापासून हा पेच आकड्यांत दिसू लागला. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक क्रियेत बांधले जाते. तयार होणाऱ्या जेलमध्ये अडकून पडणारे पाणी धरले तरी ०.४ च्या आसपासचे गुणोत्तर पुरते. पण एवढ्याच पाण्यात कालवलेला माल फावड्याला दाद देत नाही, म्हणून साइटवर सहज ०.६ पर्यंत पाणी पडते. जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्यांचे जाळे सोडते. खाऱ्या हवेतले क्षार आणि कार्बन डायऑक्साइड त्याच जाळ्यातून सळईपर्यंत पोहोचतात.

या पेचातून वाट काढणाऱ्या रसायनांना पुस्तकात प्लास्टिसायझर किंवा सुपरप्लास्टिसायझर म्हणतात, साइटवर नुसते ‘केमिकल’. ती काम करतात की नाही हा वाद केव्हाच संपला. आजचा वाद आहे तो ती कधी, कोणत्या सिमेंटबरोबर, कोणत्या वाळूबरोबर काम करतात आणि फसल्यास जबाबदारी कोणाची, याबद्दल. हे सगळे वाद एकत्र ठेवून पाहिले की त्यांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. प्रवाहीपणा सिमेंट, वाळू, तापमान, वेळ आणि रसायन यांच्या जमण्यातून येतो, पण आपल्या बहुतेक चाचण्या, मानके आणि करार तो कॅनमधल्या द्रवाचा गुण असल्यासारखे वागतात. पुढचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

कागद गिरण्यांपासून जपानपर्यंत

पहिली पिढी कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातून आली. सल्फाइट पद्धतीने लाकडाचा लगदा करताना लिग्निन विरघळून बाजूला पडते. त्यापासून मिळणारे लिग्नोसल्फोनेट १९३० च्या दशकात अमेरिकेत काँक्रीटमध्ये वापरले जाऊ लागले आणि पाण्याची गरज ५ ते १० टक्क्यांनी घटली. अडचण अशी की त्यात लाकडातली साखर शिल्लक राहते, आणि साखर सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. मात्रा वाढवावी तर माल दुसऱ्या दिवशीही ओला राहण्याचा धोका, त्यामुळे जास्त घालून जास्त मिळवण्याची सोय नव्हती. नॅप्थलीन सल्फोनेटचे अमेरिकन पेटंट १९३८ चे असले तरी ते व्यवहारात यायला पाव शतक गेले. १९६० च्या दशकात जपानच्या काओ सोप कंपनीतले केनिची हात्तोरी यांनी नॅप्थलीन सल्फोनेट आणि फॉर्मल्डिहाइड यांचा पॉलिमर काँक्रीटसाठी पुढे आणला. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीत मेलामाइनवर आधारलेले रसायन आले.

पुढच्या वादांचे बीज इथेच पडले, कारण दोन देशांनी जवळपास सारख्याच शोधाचा उलटसुलट उपयोग केला. जपानी अभियंत्यांनी पाणी तोडले आणि उच्च ताकदीचे काँक्रीट केले. जर्मनांनी पाणी होते तसे ठेवून माल पातळ केला, कारण त्यांना ओतण्या-कुटण्याची मजुरी वाचवायची होती. १९७८ मध्ये ओटावा इथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यामागे मोहन मल्होत्रा होते, तर व्ही. एस. रामचंद्रन यांनी संपादित केलेला काँक्रीटमधल्या रसायनांचा संदर्भग्रंथ १९८४ मध्ये आला. हे दोघेही मूळचे भारतीय, काम मात्र कॅनडातले. त्यांच्या या कामाचा उपयोग भारतात मोठ्या प्रमाणावर व्हायला आणखी दशकभर थांबावे लागले.

तिसरी पिढी १९८० च्या दशकात पुन्हा जपानमधूनच आली. तिचे नाव पॉलिकार्बॉक्सिलेट. मात्रा नॅप्थलीनच्या निम्म्याहून कमी आणि पाण्यातली कपात ३० टक्के, कधी त्याहूनही जास्त. आपल्याकडे या सगळ्याला खरी गती मिळाली ती १९९० च्या दशकात पुणे-मुंबईत रेडीमिक्सचे कारखाने उभे राहू लागल्यावर. साइटवरच्या छोट्या मिक्सरमधून निघालेला माल पाच-दहा मिनिटांत ओतला जातो. रेडीमिक्सचा माल वाहतुकीत तास-दीड तास फिरून येतो आणि मग पंपाने वरच्या मजल्यावर चढतो. रसायनाशिवाय हा व्यवसायच शक्य नव्हता. २००२ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलासाठी एम-७५ प्रतीचे काँक्रीट वापरले गेले. ही प्रत सुपरप्लास्टिसायझरशिवाय कागदावरच राहिली असती.

कणांमध्ये काय घडते

सिमेंटचे कण पाण्यात पडले की त्यांच्या पृष्ठभागावर वेगवेगळे विद्युतभार येतात. अ‍ॅल्युमिनेटचा भाग धनभारित, सिलिकेटचा ऋणभारित. परिणामी कण एकमेकांना चिकटून पुंजके बनतात आणि पुंजक्यांच्या पोटात पाणी कोंडले जाते. रसायनाचे काम हे पुंजके फोडून कोंडलेले पाणी मोकळे करण्याचे. लिग्नोसल्फोनेट आणि नॅप्थलीनचे रेणू कणांवर बसून सगळ्यांना ऋणभारित करतात, म्हणून कण एकमेकांना दूर ढकलतात. पॉलिकार्बॉक्सिलेटच्या रेणूची घडण वेगळी आहे, साधारण कंगव्यासारखी: कण्याने तो सिमेंटला धरतो आणि दातांसारख्या लांब साखळ्या पाण्यात बाहेर काढतो. दोन कण जवळ येऊ लागले की या साखळ्या मध्ये जागा अडवतात. भाराच्या ढकलण्यापेक्षा हे जागा अडवणे जास्त परिणामकारक ठरते, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे.

एकमत संपते ते पुढे. एका मतानुसार कणांवर बसलेले रेणूच काय ते कामाचे. पाण्यात मोकळा राहिलेला पॉलिमर वाया गेला. दुसऱ्या मतानुसार तो मोकळा साठा पुढच्या तासाभरात नव्याने तयार होणाऱ्या पृष्ठभागांवर बसतो आणि माल मऊ ठेवतो, म्हणून त्याला वाया गेलेला म्हणू नये. तिसरा प्रवाह म्युनिकच्या योहान प्लांक यांच्या प्रयोगशाळेने ठळक केला. सुरुवातीच्या मिनिटांत अ‍ॅल्युमिनेटपासून जे थरदार पदार्थ बनतात, त्यांच्या थरांमध्ये पॉलिमरचे रेणू अडकतात आणि कायमचे निकामी होतात. यातून एक जुनी गोष्ट उलगडते: नॅप्थलीनचे रसायन पाण्याबरोबर घालण्याऐवजी दोन-चार मिनिटांनी घातले तर जास्त चालते. पहिल्या झटक्यात जे गिळले जायचे, ते वाचते. मला या तीन मतांत विरोधापेक्षा काळाचा फरक जास्त दिसतो. पहिले पाचव्या मिनिटाविषयी बोलते, दुसरे साठाव्या मिनिटाविषयी, तिसरे अगदी पहिल्या मिनिटांविषयी. पण तिन्ही मान्य केली तर एक निष्कर्ष टळत नाही. घातलेली मात्रा आणि कामाला आलेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक रसायनाच्या कारखान्यात ठरत नाही.

वाचलेल्या पाण्याचे तीन वाटे

रसायनामुळे जे पाणी वाचते त्याचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. हिशेब भारतीय मानकाच्याच आकड्यांनी करता येतो. आयएस १०२६२ नुसार २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटला ५० मिलिमीटर स्लंपसाठी (शंकूच्या साच्यातून सुटल्यावर माल जितका खचतो ते माप) घनमीटरला १८६ लिटर पाणी लागते आणि पुढच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला ३ टक्के वाढवावे लागते. म्हणजे १०० मिलिमीटरला सुमारे १९७ लिटर. समुद्रकाठच्या बांधकामासाठी आयएस ४५६ ने गुणोत्तराची मर्यादा ०.४५ ठेवली आहे. १९७ लिटरला ते गुणोत्तर राखायचे तर ४३८ किलो सिमेंट लागेल, आणि हा आकडा मानकाच्या ४५० किलोच्या कमाल मर्यादेला जवळजवळ टेकतो. सुपरप्लास्टिसायझरने पाणी २० टक्क्यांनी घटवले तर १५८ लिटर आणि सुमारे ३५० किलो सिमेंट पुरते.

याच कपातीचे आणखी दोन वाटे निघतात. सिमेंट ४३८ किलोच ठेवले तर गुणोत्तर ०.३६ वर येते आणि ताकद चढते. हा जपानी मार्ग. पाणी आणि सिमेंट दोन्ही तशीच ठेवली तर माल पंपाला आणि दाट सळयांना सोपा होतो. हा जर्मन मार्ग. तिन्ही वाटे रास्त आहेत, पण तिन्ही एकाच वेळी पूर्ण पदरात पडत नाहीत. माहितीपत्रकांत मात्र जास्त ताकद, जास्त प्रवाह आणि कमी सिमेंट ही तिन्ही वाक्ये बहुधा एकाखाली एक छापलेली असतात. व्यवहारातले बरेच गैरसमज इथून निघतात. मालकाला वाटते टिकाऊपणासाठी पैसे दिले, कंत्राटदाराला वाटते सिमेंट वाचवण्यासाठी आणि पंपवाल्याला वाटते पाइप तुंबू नये म्हणून.

सिमेंट वाचवण्यावर एक जुना आक्षेप आहे: सिमेंट कमी म्हणजे काँक्रीट कमजोर. गुणोत्तर कायम असेल तर ताकदीच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. सळईला गंजापासून वाचवणारा अल्कधर्मी साठा मात्र सिमेंटच्या प्रमाणावरही अवलंबून असतो, म्हणूनच मानकांत सिमेंटची किमान मर्यादाही घातलेली आहे. तेव्हा आक्षेपात तथ्य आहे, पण एका मर्यादेपर्यंत.

सिमेंटशी जमणे-न जमणे

एकच रसायन एका सिमेंटबरोबर उत्तम चालते आणि दुसऱ्याबरोबर वीस मिनिटांत माल आवळतो. या विसंगतीच्या कारणांवर भरपूर काम झाले आहे. सिमेंट दळताना घातलेले जिप्सम कोणत्या रूपात आहे, हे एक मोठे कारण. गिरणी तापली की जिप्समचे पाणी उडते, ते अर्धजलीय रूपात जाते आणि माल खोटा आवळतो. नैसर्गिक अ‍ॅनहायड्राइट वापरले असेल तर लिग्नोसल्फोनेट त्याचे विरघळणे रोखते, सल्फेट वेळेवर मिळत नाही आणि अ‍ॅल्युमिनेट मोकाट सुटते. पॉलिकार्बॉक्सिलेटची अडचण याच्या उलट: द्रावणात सल्फेट फार झाले तर कणांवरच्या जागेसाठी ते पॉलिमरशीच स्पर्धा करते. म्हणजे सल्फेट कमी पडले तरी बिघाड आणि जास्त झाले तरी बिघाड. त्यातून आपल्याकडे निम्म्याहून जास्त सिमेंट फ्लाय अ‍ॅशचे किंवा स्लॅगचे, आणि फ्लाय अ‍ॅशमधला न जळालेला कार्बन रसायन शोषून घेतो.

जोडी जमते की नाही हे पाहायला प्रयोगशाळेत मार्श शंकू असतो. धातूचे उंच नरसाळे, खाली काही मिलिमीटरची तोटी. सिमेंट, पाणी आणि रसायन यांची लगदी त्यात भरायची, तोटीवरचे बोट काढायचे आणि ठरावीक मापाचे भांडे किती सेकंदांत भरते ते पाहायचे. मात्रा वाढवत नेली की वेळ झपाट्याने घटतो आणि मग एका बिंदूनंतर घटायचा थांबतो. त्यापुढे घातलेले रसायन प्रवाह वाढवत नाही. उलट सिमेंटचे आणि खडीचे नाते सोडवते, पाणी वर येते, माल उशिरा घट्ट होतो. तीच लगदी तासाभराने पुन्हा नरसाळ्यात घालायची. दोन्ही वेळांचे आलेख एकमेकांवर बसले तर जोडी जमली, फाकले तर नाही. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठाचे पिएर-क्लोद एत्सँ यांनी ही साधी पद्धत रूढ केली. तिची ताकद स्वस्तपणात आहे. उणीव अशी की नरसाळ्यात वाळू नसते.

दोष कोणाचा, यावर तीन बाजू आहेत. रसायन बनवणारे म्हणतात, सिमेंट कंपन्या पिशवीवर ताकदीची प्रत छापतात, पण सल्फेटचे रूप आणि विरघळणारे अल्कली सांगत नाहीत. ते महिन्यागणिक बदलतात आणि खापर आमच्यावर फुटते. सिमेंट कंपन्या म्हणतात, आम्ही मानकातल्या सगळ्या चाचण्या पार करतो, आणि त्यांत तुमच्या पॉलिमरशी जमण्याची अट नाही. रेडीमिक्सवाले म्हणतात, आम्हाला दोन्ही घटक मानकात बसणारे मिळतात आणि तरी ट्रायल मिक्स फसते. तिघांचेही म्हणणे खरे आहे, आणि खोट नेमकी तिथेच आहे. रसायनांसाठीचे आयएस ९१०३ हे मानक १९९९ चे असून त्यात घनपदार्थ, क्लोराइड, घनता, पीएच यांच्या मर्यादा आहेत आणि तुलनेच्या काँक्रीटवरची कामगिरी आहे. आयएस ४५६ प्लास्टिसायझरला १ टक्का आणि सुपरप्लास्टिसायझरला २ टक्के अशी मात्रेची सर्वसाधारण मर्यादा घालते, चाचणी करून ती ओलांडण्याची मुभाही देते. या चौकटीत प्रत्येक घटक स्वतंत्रपणे उत्तीर्ण होतो. जोडी नापास झाली तर कोणते प्रमाणपत्र खोटे, याचे उत्तर मिळत नाही, कारण कोणतेच खोटे नसते.

बेसाल्टची वाळू

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेल्या पंधरा वर्षांत या त्रिकुटात चौथा भिडू आला आहे आणि तो बाकी तिघांवर भारी पडतो आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. नदीच्या रेतीची टंचाई आधीपासून होतीच, ती वाढली. २०१६ च्या सुधारित आयएस ३८३ ने दगड फोडून केलेल्या वाळूला रीतसर जागा दिली. आज पुणे, नाशिक, ठाणे पट्ट्यात काँक्रीट म्हणजे बहुतांशी क्रश सँड, आणि क्रश सँड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट.

ताज्या, काळ्या, कठीण बेसाल्टची वाळू काँक्रीटला चांगली. पण बेसाल्ट कुजला की त्यातून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती होते. आपल्या काळ्या रेगूर मातीला फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी तीच. खाणीत दोन लाव्हा थरांमधला मऊ पट्टा किंवा वरचा कुजका मुरूम फोडणीत आला की ही माती वाळूबरोबर येते. तिचे स्फटिक पातळ थरांचे असतात आणि पाण्यात ते थर फाकतात. पॉलिकार्बॉक्सिलेटच्या त्या लांब साखळ्या या फटींत शिरतात आणि तिथेच राहतात. ज्या घडणीमुळे हे रसायन सरस ठरले, तीच इथे त्याच्या मुळावर येते. वाळूत ही माती एखादा टक्का असली तरी मात्रेचा मोठा भाग सिमेंटपर्यंत पोहोचत नाही. नॅप्थलीनचे रेणू मातीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसतात, फटींत फारसे शिरत नाहीत, त्यामुळे त्यांचे नुकसान कमी होते. जुने म्हणून मोडीत काढलेले नॅप्थलीन अनेक कारखान्यांत आजही का टिकून आहे, याचे एक कारण त्याची किंमत आणि दुसरे ही माती.

आयएस ३८३ फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक अंश १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेते, नदीच्या वाळूत ३ टक्केच. यामागचा तर्क असा की फोडलेल्या वाळूतला बारीक अंश म्हणजे दगडाची भुकटी, माती नव्हे. आणि भुकटी काँक्रीटला भरणा म्हणून उपयोगीच पडते. तर्क बरोबर आहे, जोवर ती खरोखर भुकटी आहे. चाळणी आकार सांगते, जात सांगत नाही. १२ टक्के भुकटीची वाळू उत्तम असू शकते आणि ६ टक्के अंशाची, त्यात दीड टक्का स्मेक्टाइट असलेली, निकामी. जात ओळखायला मिथिलीन ब्लूची चाचणी आहे: निळ्या रंगाचे द्रावण वाळूच्या गाळात थेंबाथेंबाने घालायचे, दर वेळी टिपकागदावर एक ठिपका घ्यायचा, आणि ठिपक्याभोवती फिकट निळे वलय उमटून टिकू लागले की थांबायचे. जितका रंग जास्त पचला तितकी माती जास्त. काम अर्ध्या तासाचे. ज्या वाळूवर संशय आहे तिच्यासाठी तरी ते नेमाने व्हायला हवे.

उपायांवरही मतभेद आहेत. वाळू धुवावी, असे एक मत. धुण्याने माती जाते, पण उपयोगी भुकटीही जाते, पाणी लागते आणि मागे राहणाऱ्या गाळाची विल्हेवाट ही नवीच डोकेदुखी होते. दुसरे मत मातीला आधीच दुसरे काहीतरी खाऊ घालण्याचे: पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखा स्वस्त पदार्थ फटी भरतो आणि महाग पॉलिमर वाचतो. तिसरे मत रेणूच बदलण्याचे, म्हणजे फटींत शिरणार नाहीत अशा आखूड किंवा वेगळ्या साखळ्या घडवण्याचे. चौथे, खाणीतच कुजका पट्टा बाजूला काढावा. माझ्या मते चौथा उपाय सर्वांत निर्विवाद आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण त्याचा खर्च खाणवाल्याचा आणि लाभ तिसऱ्याच कोणाचा.

साच्यात काय मोजले जाते

साइटच्या फाटकावर ट्रान्झिट मिक्सर येऊन उभा राहतो तेव्हा सगळ्या चर्चेचा निकाल ३० सेंटिमीटर उंचीच्या एका शंकूवर लागतो. साचा ओला करायचा, पायांनी दाबून धरायचा, थर भरायचे, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, वरून सपाट करायचे आणि सरळ वर उचलायचा. माल किती खचला तो स्लंप. कागदावर १०० लिहिले आहे आणि माल ५० च खचला, तर पुढचे दहा मिनिटांचे संभाषण ठरलेले असते. घाई असलेला म्हणतो, थोडे पाणी मारा. मानकाच्याच हिशेबाने ५० मिलिमीटर वाढवायला घनमीटरला सुमारे ११ लिटर लागतात. सहा घनमीटरच्या गाडीला ६६. वरच्या उदाहरणातले १५८ लिटर मग १६९ होतात आणि ०.४५ चे गुणोत्तर ०.४८ वर जाते. पर्याय आहे जागेवर रसायनाची आणखी थोडी मात्रा घालून ड्रम काही मिनिटे जोरात फिरवण्याचा. एक पक्ष याला बंदीच हवी म्हणतो, कारण मोजमाप नीट होत नाही आणि घालणाऱ्याला उरलेला वेळ कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, बंदी घातली की लोक पाणी मारतात, आणि पाण्याची नोंद कोणी ठेवत नाही. दुसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते, पण एका अटीवर: जादा मात्रेची ट्रायल आधी कारखान्यात झालेली असावी आणि गाडीच्या चलनावर नोंद असावी.

खुद्द स्लंपवरचा आक्षेप जास्त मूलभूत आहे. संशोधक टॅटरसॉल यांनी १९७० च्या दशकापासून दाखवून दिले की ताज्या काँक्रीटचे वर्णन एका आकड्यात होत नाही. हलायला सुरुवात करण्यासाठी लागणारा किमान ताण हा एक आकडा, आणि हलू लागल्यावर होणारा अंतर्गत विरोध, म्हणजे चिकटपणा, हा दुसरा. स्लंप फक्त पहिला मोजतो. सुपरप्लास्टिसायझर पहिला झपाट्याने पाडते, दुसरा तितका नाही. पाणी दोन्ही पाडते. म्हणून कमी पाण्याचा आणि पॉलिकार्बॉक्सिलेटचा माल शंकूत छान पसरतो, पण फावड्याला चिकटतो आणि पंपाचा दाब चढवतो. दोन गाड्यांचा स्लंप सारखा असूनही एक सुरळीत चढते आणि दुसरी अडते, याचे कोडे पंपवाल्यांना रोज पडते. दोन्ही आकडे मोजणारी यंत्रे आहेत, पण ती महाग आणि वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे आपसांत जुळत नाहीत. तोवर शंकूच्या शंभर वर्षांच्या सत्तेला धोका नाही.

आपोआप बसणारे काँक्रीट

तोक्यो विद्यापीठाचे हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये व्हायब्रेटरशिवाय आपोआप साचा भरणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. प्रेरणा सोपी होती: जपानमध्ये कुशल कामगार घटत होते आणि नीट न कुटलेले काँक्रीट लवकर बिघडत होते. आकाशी काइक्यो पुलाच्या नांगरठोकळ्यांत ते वापरल्यामुळे त्या भागाचे काम अडीच वर्षांऐवजी दोन वर्षांत झाले. आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत या काँक्रीटलाही जागा मिळाली. तरीही ते सर्वसाधारण रेडीमिक्सची जागा कुठेच घेऊ शकले नाही. प्रीकास्टच्या कारखान्यांत मात्र ते चांगले रुजले. फरकाचे कारण वाळूतली ओल. घनमीटरमध्ये ८५० किलो वाळू धरली तर ओल एका टक्क्याने बदलताच आठ-नऊ लिटर पाणी इकडचे तिकडे होते. साधे काँक्रीट हे सोसते. आपोआप बसणारे एकतर आवळते किंवा त्यातली खडी खाली बसते. कारखान्यात वाळू छपराखाली राहते, पावसाळ्यात मुंबईच्या उघड्या अंगणात नाही. शिवाय पूर्ण प्रवाही माल साच्यावर द्रवासारखा दाब टाकतो: तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला सुमारे सात टन. शटरिंग तेवढे भक्कम करण्याचा खर्च वाचलेल्या मजुरीतून निघतो का, याचे उत्तर जपानमध्ये एक आणि आपल्याकडे दुसरे येते.

टिकाऊपणा, पर्यावरण आणि नवी सिमेंटे

रसायनामुळे काँक्रीट पुढे सडेल, ही भीती अजून ऐकू येते. तिचा उगम बहुधा माल लवकर घट्ट करण्यासाठी पूर्वी वापरल्या गेलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये आहे. त्याने सळया खरोखर गंजल्या. सुपरप्लास्टिसायझर हा वेगळा पदार्थ, आणि घनमीटरमागे त्याचा कोरडा अंश किलो-दोन किलोंचा, तोही सुमारे २,४०० किलोंमध्ये. साठ वर्षांच्या वापरात त्याने काँक्रीट आतून बिघडल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. खरी काळजी आडवाटेने येते. गुणोत्तर ०.४ च्या खाली गेले की काँक्रीट आतल्या आत कोरडे पडून आक्रसते आणि पहिल्या दिवशीच भेगा धरू शकते. त्याला क्युरिंग लवकर आणि भरपूर लागते. कमी पाण्याचे काँक्रीट करायचे आणि पाणी मारायला दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुवात करायची, यात रसायनाचा काही दोष नाही.

पर्यावरणाच्या हिशेबात या रसायनांची बाजू भक्कम आहे. एक किलो सुपरप्लास्टिसायझर बनवताना सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो असे धरले, तरी वरच्या उदाहरणात साडेतीन किलो रसायनाने ८५ ते ९० किलो सिमेंट वाचते. म्हणजे सात किलोंच्या बदल्यात साठ-सत्तर किलोंची बचत. पण ही बचत सिमेंट खरोखर कमी केले तरच होते. वाचलेले पाणी ताकदीत किंवा प्रवाहात खर्ची घातले तर हा हिशेब लागू पडत नाही.

आणि सिमेंटच बदलू लागल्यावर सगळे गणित नव्याने मांडावे लागणार आहे. क्लिंकर घटवून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालणाऱ्या सिमेंटवर लोझान आणि आयआयटी दिल्ली-मद्रासच्या चमूंनी केलेल्या कामानंतर त्याचे भारतीय मानक, आयएस १८१८९, २०२३ मध्ये आले. भाजलेल्या मातीचे कण बारीक, थरदार आणि भरपूर पृष्ठभागाचे; त्यामुळे रसायनाची मात्रा वाढते आणि माल लवकर आवळतो. नीट भाजलेल्या मातीचे थर पुन्हा फाकत नाहीत, म्हणून कुजक्या बेसाल्टमधल्या मातीइतकी ती पॉलिमर गिळत नाही. भट्टीत कच्ची राहिलेली माती मात्र गिळते. भट्टीचे तापमान रोज सारखे राहील का, आणि नाही राहिले तर ते रेडीमिक्सवाल्याला पिशवी उघडण्यापूर्वी कसे कळावे, याबद्दल रसायनांच्या मानकात आज काही लिहिलेले नाही.